पांढुर्ण्याच्या चुलीवर जपानी रीतीचा मासा

मासळी म्हटली की पांढुर्णा-सौंसरकडील गृहिणीच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तांबडाभडक रस्सा. भाजलेले खोबरे, खसखस, कांदा, लसूण आणि सढळ हाताने घातलेले तिखट यांच्या वाटणात शिजलेला हा रस्सा आपल्या भागाचा अभिमान आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचे कोणास काही कारण नाही. परंतु त्या रश्श्याची एक दुसरी बाजूही आहे. घरातील म्हाताऱ्यांना तिखट सोसत नाही, लहान मुले तिखटाला आणि काट्यांना भिऊन ताट बाजूला सारतात, आणि सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरते ते गृहिणीच्या वाट्याला येते. बहुधा ते शेपटीचा तुकडा, डोके आणि रस्सा एवढेच असते. बाजारातून आणलेली किलोभर मासळी घरी येते सर्वांसाठी, परंतु तिचे सत्त्व पोचते मोजक्यांनाच. ज्या कुटुंबात शुक्रवारी आणि उपवासकाळात मांसाऐवजी मासळी होते, त्यांना हा अनुभव नवा नाही.

वाचक बंधुभगिनींनो, आजच्या लेखात मासळीच्या एका निराळ्या पाकक्रियेचा परिचय करून द्यावयाचा आहे. ती मूळची जपानची आहे. ती सौम्य आहे, तिला वाटण लागत नाही, तेल थोडे लागते, आणि तिला लागणाऱ्या मुख्य वस्तूंपैकी दोन तर आपल्याच शेतांत पिकतात. हे ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु जपानातील सगळे लोक समुद्राकाठी राहत नाहीत, आणि तेथील डोंगराळ मुलखांत आपल्यासारखीच माणसे आपल्यासारख्याच नदी-तळ्यांतील माशांवर गुजराण करीत आली आहेत.

‘तेरियाकी’ म्हणजे काय?

जपानी भाषेत ‘तेरी’ म्हणजे झळाळी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे. मासा भाजत आला की त्यावर सोयाबीनचा आंबवलेला खारट रस, साखर आणि ‘मिरिन’ नावाची तांदळाची गोड मद्ययुक्त आंबवण यांचे मिश्रण पुनःपुन्हा लावावयाचे. पाणी आटते, साखरेचा पाक दाटतो, आणि माशावर आरशासारखे चकचकीत आवरण चढते. या झळाळीवरूनच पदार्थाला ‘तेरियाकी’ हे नाव पडले. आपल्याकडे चिरोट्यावर किंवा बालुशाहीवर पाक चढवितात, त्याच जातीची ही क्रिया आहे. फरक इतकाच की येथे गोडाबरोबर खारट आणि किंचित आंबटही असते.

जपानी स्वयंपाकात मासळीला इतके मोठे स्थान मिळाले, त्याला इतिहास आहे. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मु याने बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई करणारी आज्ञा काढली. पुढील कित्येक शतके मांसाहाराविषयीची नाराजी तेथे निरनिराळ्या रूपांनी टिकून राहिली. साहजिकच मासा आणि सोयाबीन ही त्या लोकांच्या आहाराची दोन मुख्य बळे ठरली, आणि त्या दोहोंचा मेळ घालण्यात त्यांनी पिढ्यान् पिढ्या कौशल्य वाढविले.

या चवीमागील शास्त्रही एका जपानी प्राध्यापकानेच उलगडले. टोकियो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ‘कोंबू’ नावाच्या सागरी शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले, आणि गोड, आंबट, खारट व कडू यांहून निराळ्या अशा या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. सोयाबीन आंबताना त्यातील प्रथिने फुटतात व हेच द्रव्य मोकळे होते. म्हणूनच सोयाबीनच्या रसाचे दोन थेंब पडले तरी साध्या पदार्थाला भरीव चव येते. आपण रश्श्यात जे काम भाजलेल्या कांदाखोबऱ्याकडून करवून घेतो, ते जपानी गृहिणी या रसाकडून करवून घेते.

मराठी माती आणि जपान

जपानशी मराठी मुलखाचे नाते आजचे नाही. वसईच्या भूमीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे पोर्तुगीज पित्याचे आणि कोकणी मातेचे पुत्र. कोवळ्या वयात ते येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेल्या सव्वीस जणांत ते होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आमच्या या बंधूने जपानी माणसाच्या पंक्तीला बसून जे अन्न खाल्ले असेल, त्यात सोयाबीनचे आंबवण आणि मासा ही असणारच.

जपानने आपल्या लोकांकडून काही घेतलेही आहे. पिठात घोळून तळलेल्या मासळीला व भाज्यांना तेथे ‘तेम्पुरा’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी ही तळण्याची रीत तेथे नेली, आणि वर्षाच्या चारही ऋतूंत मांस वर्ज्य करून जे उपवासाचे दिवस पाळले जात, त्यांच्या ‘तेम्पोरा’ या लॅटिन नावावरून हा शब्द आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अन्नाची देवघेव ही अशी दोन्ही बाजूंनी चालत असते. एका देशाची रीत दुसऱ्या देशाने घेतली म्हणून कोणी परका होत नाही. मिरची, बटाटा आणि टोमॅटो हे सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आज आपल्या घरचे झाले आहेत. मिरचीवाचून तर आपला रस्साच उभा राहणार नाही.

समुद्र नसलेल्या मुलखाची कथा

आता कोणी म्हणेल, जपानी लोकांना समुद्राचा ताजा मासा मिळतो. जाम नदीच्या काठच्या पांढुर्ण्याला आणि कन्हानच्या खोऱ्यातील सौंसरला तो कोठून मिळणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर जपानच्याच एका आडगावी प्रांतात सापडते.

जपानच्या उत्तर भागात डोंगरांनी वेढलेला योनेझावा नावाचा मुलूख आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सरदार उएसुगी योझान हा होता. संस्थान कर्जात बुडालेले, प्रजा दरिद्री, समुद्र दूर, आणि हिवाळ्यात बर्फामुळे वाटा बंद. ताजी मासळी तेथील गरिबाच्या ताटात पडणे कठीण होते. योझानने स्वतःचा खर्च कमी केला, लोकांना घराभोवती खाण्याजोग्या पाल्याची कुंपणे लावावयास सांगितले, आणि १८०२ साली सोमा प्रांतातून कार्प माशाची पिल्ले आणवून किल्ल्याच्या खंदकात वाढविण्यास आरंभ केला. त्यातून घरोघरच्या डबक्यांत मासे पाळण्याची चाल पडली. तेथे आजही मोठ्या सणाला सोयाबीनचा रस आणि साखर घालून शिजविलेला चकचकीत कार्प मानाने वाढतात. नागानो प्रांतातील साकु या डोंगराळ भागातही हीच रीत आहे.

हा कार्प म्हणजे आपल्या रोहू, कटला आणि मृगळ यांचाच सोयरा. सगळे एकाच कुळातील. तेव्हा आपण समुद्री माशाची नक्कल गोड्या पाण्यातील माशावर करीत आहोत, असे कोणी समजू नये. ज्यांच्या वाट्याला समुद्र आला नाही अशा जपानी माणसांची जी रीत, तीच आपण घेत आहोत.

आपल्या देशातही असा एक योझान होऊन गेला. रोहू-कटला हे मासे बंदिस्त तळ्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहते पुराचे पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांची पिल्ले नद्यांतून गोळा करावी लागत, आणि त्यांत नको त्या जातींची भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे माशाच्या मेंदूतील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून तळ्यातच अंडी घालवून दाखविली. त्यानंतर मत्स्यबीज हवे तेथे पोचू लागले, आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावाच्या तलावातही रोहू वाढू लागला. म्हणूनच १० जुलै हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या शेतातील दोन वस्तू

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तथापि सीमा आखली म्हणून भाषा, भाकरी आणि संत्र्याचे बगीचे यांनी आपली जागा सोडली नाही. या बगीच्यांतच आपल्या पाकक्रियेची पहिली किल्ली आहे.

मिरिन आपल्याकडे मिळत नाही, आणि ते मद्ययुक्त असल्यामुळे लेकराबाळांच्या घरात त्याची गरजही नाही. मिरिनचे काम गोडवा व झळाळी देणे हे आहे. तेवढे काम संत्र्याचा रस आणि गूळ उत्तम रीतीने करतात. ही केवळ आपली सोय नव्हे. जपानात सोयाबीनचा रस, मिरिन आणि ‘युझु’ नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या फोडी यांत मासा मुरवून भाजण्याची जुनी चाल आहे. बिवा सरोवराकाठच्या कातातचा रहिवासी, चहापानविधीचा जाणकार कितामुरा युआन याच्या नावावरून तिला ‘युआन-याकी’ म्हणतात. पुढे १८८५ पासून हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरीस गेलेल्या जपानी लोकांनी तेथे विपुल मिळणारा अननसाचा रस आणि तांबडी साखर वापरली. १९७६ साली तोशि कासाहारा यांनी अमेरिकेतील सिॲटल शहरात अशा भाजणीचे साधे उपाहारगृह काढले, आणि ती त्या शहराची ओळखच होऊन बसली. ज्याच्या अंगणात जे फळ, ते त्याने घ्यावे, अशीच ही परंपरा आहे. हवाईने अननस घेतला. आपण संत्रे घ्यावे.

आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, आणि मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. आकाराने लहान किंवा सालीवर डाग पडलेले फळ व्यापारी उचलत नाही. ते या कामी चालते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा फार वेळ उकळला तर कडू होतो. बिया आणि पांढऱ्या पडद्यातील लिमोनिन नावाचे द्रव्य हळूहळू प्रकट होते, हे त्याचे कारण. म्हणून रस ऐनवेळी काढावा, बिया चिरडू नयेत, आणि तो गाळून घ्यावा.

दुसरी वस्तू सोयाबीन. मध्य प्रदेशात १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने या पिकाला चालना दिली, आणि १९८७ साली इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिन असते. आपण ते पेरतो, कापतो आणि विकतो. त्याचे तेल निघते, पेंड जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि त्याचाच आंबवलेला रस बाटलीत भरून परत आपल्या दुकानात येतो.

ही बाटली घेताना तिच्यावरील मजकूर वाचावा. खरा सोया सॉस सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपासून होतो. ‘कोजी’ नावाच्या उपयुक्त बुरशीने दाणे आंबवून ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवितात. स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा आम्लाने फोडलेले प्रथिन, जळक्या साखरेचा रंग आणि मीठ एवढेच असते. ‘आंबवून केलेला’ असा उल्लेख असलेली बाटली चार पैसे महाग पडली तरी ती घ्यावी. ती पुष्कळ दिवस पुरते.

मिठाविषयीही सावध असावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पुढे दिलेल्या प्रमाणात तीन चमचे सहा माणसांत वाटले जातात, म्हणून ते मर्यादेत राहते. परंतु ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी पाक माशावरून निथळू द्यावा, आणि त्या जेवणात लोणचे-पापड टाळावे.

मासळीची निवड

मासा शिळा असेल तर उत्तम पाकही त्याला तारू शकत नाही. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, खवले घट्ट, आणि बोटाने दाबले असता मांस पुन्हा वर येते, ही ताजेपणाची लक्षणे. आपल्या बाजारात काही मासळी गावच्या तलावांतून व धरणांतून येते, तर काही बर्फात घालून दुरून. बर्फातील मासा वाईट नसतो. बर्फ वितळून गेलेला मासा वाईट असतो. २०१८ साली केरळात आणि गोव्यात मासळी टिकविण्यासाठी फॉर्मालीन या विषारी द्रवाचा वापर झाल्याच्या प्रकरणाने मोठी खळबळ उडाली होती. ज्या माशाला माशाचा वास नाही, उलट औषधाचा उग्र दर्प आहे, आणि ज्यावर माशीही बसत नाही, तो घेऊ नये. ओळखीच्या ढिवर किंवा भोई बांधवाकडून सकाळीच मासळी घेणे हा सर्वांत चांगला उपाय.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ माशांच्या प्रजननाचा म्हणून नद्यांत व जलाशयांत मासेमारीस बंदी असते. या दोन महिन्यांत चोरून धरलेली अंडीभरली मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एका मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. आज ती कढईत गेली तर उद्याच्या नदीत काय उरणार?

मासा साफ करताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये, आणि ती फेकूनच द्यावी. रोहू किंवा गवत्या यांचे कच्चे पित्त औषध म्हणून गिळणारे काही लोक आहेत. त्यामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदविली आहेत. त्याचप्रमाणे, जपानी लोक कच्चा मासा खातात हे ऐकून कोणी तसा प्रयोग नदीच्या माशावर करू नये. गोड्या पाण्यातील माशात जंतांचे अंश असू शकतात. तो पुरता शिजलाच पाहिजे.

कृती

सहा माणसांसाठी रोहू किंवा कटला यांचे पाऊण किलो तुकडे घ्यावे, बोटभर जाडीचे आणि होता होईतो सारख्या आकाराचे. पोटाकडील तुकड्यांत बारीक काटे कमी असतात, ते मुलांसाठी ठेवावे. पाठीच्या तुकड्यांतील दुबेळक्या काट्यांवर उपाय असा की, कातडीच्या बाजूने धारदार सुरीने जवळजवळ आडव्या चिरा द्याव्या. काटे बारीक तुटतात आणि पाकही आत मुरतो. मरळ मिळाल्यास फारच उत्तम, कारण तिच्यात काटे थोडे.

तुकड्यांना एक लहान चमचा मीठ चोळून वीस मिनिटे ठेवावे. मिठाने माशातील पाणी सुटते व त्याबरोबर तळ्याच्या चिखलाचा वासही निघून जातो. मग ते झटकन धुऊन स्वच्छ फडक्याने पुरते टिपून कोरडे करावे. येथे कंटाळा करू नये. ओला मासा तव्याला चिकटतो आणि खरपूस होत नाही. कोरड्या तुकड्यांवर तांदळाचे पीठ अगदी हलके भुरभुरावे. पिठामुळे पाक माशाला धरून राहतो.

दुसरीकडे पाकाचे मिश्रण करून ठेवावे: तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन संत्र्यांचा गाळलेला रस (सुमारे अर्धी वाटी), दोन चमचे पाणी आणि एक लहान चमचा आल्याचा रस. गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. वेगळे मीठ घालू नये. मिश्रण आंबट असल्यामुळे कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ते मुळीच ठेवू नये. काचेची किंवा स्टीलची वाटी घ्यावी.

पसरट तवा तापवून दोन मोठे चमचे तेल घालावे. आच मध्यम ठेवावी. तुकडे कातडीची बाजू खाली करून मांडावे आणि चार मिनिटे हलवू नयेत. मग उलटून तीन मिनिटे ठेवावे. मांस पाकळीपाकळीने सुटू लागले व मध्यभागी पांढरे दिसले की मासा शिजला. उरलेले तेल काढून टाकावे, कारण तेलकट माशावर पाक चढत नाही.

आता मिश्रण तव्यात ओतावे. ते लगेच उकळू लागेल. तवा किंचित तिरपा करून चमच्याने तोच पाक माशावर पुनःपुन्हा घालीत राहावे. प्रथम बुडबुडे लहान असतात, पुढे ते मोठे व संथ होतात, आणि चमचा तव्यावरून ओढला असता मागे क्षणभर वाट उमटते. हीच वेळ तवा उतरविण्याची. आपल्या भगिनी एकतारी पाक ओळखतात. एकतारीच्या अलीकडेच थांबावे, कारण निवताना पाक आणखी दाटतो. या साऱ्याला तीन-चार मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ तव्यापासून हलू नये. मिश्रण आधीच घातले तर मासा शिजण्यापूर्वी गूळ करपतो व कडू लागतो. म्हणून ते शेवटीच घालावयाचे, हा या कृतीतील मुख्य नियम आहे.

चुलीवर करणाऱ्यांनी पाक घालण्यापूर्वी लाकडे मागे ओढून केवळ निखाऱ्यांवर तवा ठेवावा. वरून भाजलेले तीळ आणि कांद्याची हिरवी पात पेरावी. जपानात भाजलेल्या माशाबरोबर पांढऱ्या मुळ्याचा कच्चा कीस वाढतात, आणि हिवाळ्यात मुळे तर आपल्या बाजारातही भरपूर. तो कीस तोंडाला तरतरी आणतो व गोडवा जड होऊ देत नाही. भात किंवा ज्वारीची भाकरी, दोन्ही याबरोबर चालतात.

वाढण्याविषयी दोन शब्द

रोहूच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिन असते. अंगावर पाजणारी माता, वाढीला लागलेली मुलगी आणि दिवसभर बगीच्यात संत्रे तोडणारी स्त्री यांना त्याची गरज घरातील कर्त्या पुरुषापेक्षा तिळभरही कमी नाही. रश्श्याच्या पातेल्यात कोणाला किती तुकडे गेले याचा हिशेब राहत नाही, कारण रस्सा वाढविता येतो. पाणी घातले की पाहुणाही भागतो, आणि त्या पाण्याची भरपाई गृहिणी आपल्या वाट्यातून करते. तव्यावरच्या या माशाचे तसे नाही. तुकडे मोजून मांडलेले असतात. सहा माणसे तर सहा किंवा बारा. रस्सा नसल्यामुळे केवळ रश्श्यावर भागविण्याची सोयही येथे नाही. ज्या घरात हा पदार्थ करावयाचा, तेथे पुरुषांनी एवढे मात्र पाहावे की तवा उतरण्याच्या वेळीच घरातील प्रत्येकाचे ताट, आणि त्यात करणारीचेही, मांडलेले असेल. हा मासा निवला की त्याची झळाळी व चव दोन्ही उतरतात. म्हणून तो सर्वांनी एकाच वेळी बसून खाण्याचा पदार्थ आहे.

योनेझावाच्या त्या सरदाराने खंदकात मासे सोडले, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न चवीचा नव्हता; आपल्या मुलखातील प्रत्येक ताटात तुकडा कसा पडेल, हा होता. संत्र्यांचा हंगाम सुरू झाला की एखाद्या शुक्रवारी आपल्या भगिनींनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. लाल रस्सा कोठे पळून जात नाही. पुढच्या आठवड्यास तो आहेच. मात्र त्या रश्श्यातही यापुढे तुकडे मोजून वाढावयाची सवय लागली, तर जपानच्या चुलीवरून आपण चवीहून मोठी गोष्ट घरी आणली असे होईल.